मतदान झालेच नाही

सॅन फ्रान्सिस्कोला मुलीकडे राहायला गेलो की माझे सकाळचे फिरणे केझार स्टेडियमवर होते. गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातले हे मैदान आज साधेसुधे दिसते. समुद्राकडून आलेले धुके अजून झाडांत अडकलेले असते, गवतावर सीगल पक्षी निवांत बसलेले असतात, आणि माझ्यासारखी दहा-वीस माणसे कडेने फेऱ्या मारत असतात. १९२५ साली बांधलेल्या मूळ स्टेडियममध्ये सुमारे साठ हजार माणसे बसत असत आणि १९४६ पासून १९७० पर्यंत 'फोर्टी-नाइनर्स' या व्यावसायिक संघाचे ते घर होते. ते १९८९ मध्ये पाडले गेले आणि त्याच्या जागी आजचे लहान मैदान आले. या मैदानाला बॉब सेंट क्लेअर यांचे नाव आहे. हे गृहस्थ कोण, एवढ्या कुतूहलापोटी मी वाचायला बसलो आणि १९५१ सालच्या एका कॉलेज संघापाशी येऊन पोहोचलो. त्याला आता सहा वर्षे होत आली, तरी तो संघ माझ्या मनातून जात नाही.

सेंट क्लेअर ज्या पॉलिटेक्निक हायस्कूलमध्ये शिकले ते या मैदानाच्या समोरच्याच रस्त्यावर होते. शाळेचा संघ, कॉलेजचा संघ आणि पुढे व्यावसायिक संघ, या तिन्हींकडून ते याच गवतावर खेळले. सहा फूट नऊ इंच उंचीचा हा माणूस कच्चे मांस खातो, अशी त्यांची ख्याती होती. पुढे ते शेजारच्या डेली सिटी या गावाचे महापौरही झाले. पण मला ते भेटले ते 'युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को'च्या संघातील एक तरुण खेळाडू म्हणून. या विद्यापीठाच्या संघाला 'डॉन्स' म्हणत. जेझुइट पाद्र्यांनी १८५५ मध्ये स्थापन केलेले हे विद्यापीठ केझारपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या टेकडीवर आहे. विद्यार्थी थोडे, पैसा त्याहून थोडा आणि स्वतःचे मोठे मैदान नाही, अशा परिस्थितीत त्यांचे घरचे सामने केझारवर होत.

येथे फुटबॉल म्हणजे आपण ओळखतो तो पायाने खेळायचा खेळ नव्हे, तर लंबगोल चेंडू हातात घेऊन शंभर यार्डांच्या मैदानावर धावत जायचा, अंगावर येणाऱ्यांना चुकवायचा किंवा आडवे पाडायचा अमेरिकन खेळ. मी स्वतः कॉलेजात कबड्डी खेळलो आहे, त्यामुळे या खेळाचे नियम समजायला वेळ लागला तरी त्याचा जीव मला लगेच कळला. एकट्याने सात जणांच्या अंगणात शिरायचे आणि रेषेपर्यंत परत यायचे, यात जे धाडस आहे, तेच चेंडू छातीशी धरून अकरा जणांच्या फळीत घुसण्यात आहे. आणि चढाईला जाणाऱ्याच्या मनात आपल्या मागे उभ्या असलेल्या सहा जणांबद्दल जी खात्री लागते, तीही येथे तितकीच लागते.

संघाचे प्रशिक्षक जो कुहारिच हे नोत्र दाम विद्यापीठातून खेळून आलेले, शिस्तीचे कडक गृहस्थ होते. हंगामापूर्वीचे शिबिर त्यांनी सॅक्रामेंटो खोऱ्यातील कॉर्निंग या गावी भरवले. कॉर्निंग ऑलिव्हच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथला उन्हाळा आपल्या विदर्भातल्या माणसालाही ओळखीचा वाटावा असा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड धुक्यातून आलेल्या मुलांना तेथे दिवसातून अनेकदा सरावाला उतरावे लागे. त्या शिबिराची आठवण म्हातारपणीही त्या खेळाडूंच्या बोलण्यात येत असे, आणि आपण एकमेकांचे झालो ते तेथेच, असे त्यांच्या सांगण्याचे सार असे.

मुले तरी कुठून कुठून आलेली होती. जीनो मार्चेटी हा इटालियन वंशाचा दांडगा तरुण दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत बंदूक घेऊन लढून आलेला होता आणि लेदर जाकीट घालून मोटरसायकलवरून कॉलेजात येई. ऑली मॅट्सन टेक्सासमधील ट्रिनिटी या गावचा. तो लहान वयात सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि तेथल्या शाळेत धावपटू म्हणून नावाजला गेला. बर्ल टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. मॅट्सन आणि टोलर १९४८ मध्ये सिटी कॉलेजच्या अपराजित संघात एकत्र खेळले होते आणि तेथून दोघेही डॉन्समध्ये आले. डॉन्सच्या त्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू हे दोघेच होते. संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवण्याचे काम पीट रोझेल नावाचा एक हसतमुख तरुण करत असे. हाच तरुण १९६० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, 'एनएफएल' या व्यावसायिक लीगचा आयुक्त झाला. एका छोट्या कॉलेजच्या एका हंगामात इतकी माणसे एकत्र यावीत, याचे मला अजूनही नवल वाटते.

हंगामातील पहिल्या सामन्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते एकतर्फी झाले. सॅन होजे स्टेटला त्यांनी ३९–२ असे हरवले आणि त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली तेव्हा ४२–७ असे. आयडाहोला २८–७ ने नमवले. मॅट्सन चेंडू घेऊन धावे आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की बचावातही उभा राही. टोलर आणि मार्चेटी समोरच्या फळीला पुढे सरकू देत नसत. त्या वर्षी मॅट्सनने धावून १,५६६ यार्ड मिळवले आणि साऱ्या देशातील कॉलेज खेळाडूंमध्ये तो आकडा सर्वांत मोठा ठरला. तरीही पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांना पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील या कॉलेजची फारशी खबर नव्हती.

ती खबर ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. फोर्डहॅम विद्यापीठाशी तेथील रँडल्स बेटावरच्या स्टेडियममध्ये सामना होता. या सामन्यात डॉन्स हरता हरता वाचले, आणि मला तो सगळ्यांत प्रिय आहे तो त्यामुळेच. किकऑफनंतर चेंडू मॅट्सनच्या हातात पडला आणि तो ९४ यार्ड धावत जाऊन रेषेपलीकडे पोहोचला. पुढे पुन्हा एकदा तसाच चेंडू आला आणि तो ९० यार्ड धावला. मैदानाची जवळजवळ पूर्ण लांबी, समोरून अंगावर धावून येणारे अकरा जण, आणि हे एकाच दुपारी दोनदा. सामना ३२–२६ असा सुटला. अशा धावेचे श्रेय धावणाऱ्याला मिळते आणि ते मिळायलाच हवे, पण ती वाट पुढच्यांनी अंगाने धक्के घेऊन मोकळी केलेली असते. ज्यांनी ती मोकळी केली त्यांची नावे निकालाच्या चौकटीत येत नाहीत, आणि त्यातले बहुतेक जण गोरे होते.

त्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूला, त्याच्याकडे चेंडू नसताना, समोरच्या संघातील एका गोऱ्या खेळाडूने ठोसे मारून त्याचा जबडा मोडला. डे मॉइनच्या एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनी तो प्रकार टप्प्याटप्प्याने टिपला आणि त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ती छायाचित्रे मी पाहिली आहेत. त्यांतील एका चित्रात चेंडू एका बाजूला गेलेला दिसतो, सर्वांचे लक्ष तिकडे आहे, आणि दुसऱ्या बाजूला ठोसा बसतो आहे. डॉन्सचा हंगाम ज्या देशात खेळला जात होता त्याची कल्पना यायला ते एक चित्र पुरेसे आहे.

नोव्हेंबरमध्ये डॉन्सनी कॉलेज ऑफ द पॅसिफिक या तगड्या समजल्या जाणाऱ्या संघाला स्टॉकटनला जाऊन ४७–१४ असे लोळवले. आठवडाभराने पासाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये लॉस एंजलिसच्या लोयोला विद्यापीठाला २०–२ असे हरवले. नऊ सामने, नऊ विजय. आता नववर्षदिनाच्या 'बाउल' सामन्याचे निमंत्रण येणार, असे प्रत्येकाने धरून ठेवले होते.

हे बाउल सामने म्हणजे काय, ते सांगायला हवे. हंगाम संपल्यावर मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल, जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल असे सामने भरत. प्रवासी यावेत, हॉटेले भरावीत, शहराचे नाव व्हावे म्हणून त्या त्या गावची प्रतिष्ठित मंडळी समिती स्थापून संघांना आमंत्रण देत असत. ही शहरे दक्षिणेतली होती. तेथे बसमध्ये, उपाहारगृहात, शाळेत काळ्या माणसाची जागा कायद्याने वेगळी ठेवलेली होती, आणि पाहुण्या संघाने आपले काळे खेळाडू घरी ठेवून यावे असा एक न लिहिलेला करार वर्षानुवर्षे चालत आलेला होता. त्याला 'सभ्य माणसांचा करार' असे नाव होते. या शब्दांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात 'सभ्य' या शब्दाचाच बळी गेला आहे. बॉस्टन कॉलेज हेही जेझुइटांचेच. तेथील लू माँटगोमेरी हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४० च्या कॉटन बाउलमध्ये आणि १९४१ च्या शुगर बाउलमध्ये आपल्या संघासोबत मैदानात उतरू शकला नाही. यजमानांनी अट घातली, कॉलेजने ती मान्य केली आणि त्याच्यावाचून संघ खेळला. अर्थात मान्य न करणारेही होते. पेन स्टेटच्या संघाने १९४६ मध्ये मायामीचा सामना याच कारणाने सोडून दिला होता. पण तेव्हा सोडायचा होता तो एक साधा सामना. डॉन्सपुढे जे ठेवले गेले ते नऊ विजयांचे फळ होते.

खेळाडूंनी पुढे सांगितलेली हकीकत अशी. निमंत्रण मिळू शकेल, पण मॅट्सन आणि टोलर यांना मागे ठेवून यावे लागेल, असा निरोप कुहारिच यांच्यामार्फत संघापर्यंत आला, आणि संघाने नाही म्हटले. मतदान झाले नाही. कोणी हात वर केले नाहीत, कोणी वेळ मागितला नाही, कोणी 'निदान विचार तरी करू' असे म्हणाले नाही. ही हकीकत मी निरनिराळ्या खेळाडूंच्या तोंडून वाचली आहे. तपशील थोडेफार बदलतात, पण मतदान झाले नाही हे प्रत्येक जण सांगतो, आणि सांगताना त्यांचा स्वर असा असतो की त्यात सांगण्यासारखे काय आहे, हे त्यांना स्वतःलाच उमगत नसावे.

डॉन्सना निमंत्रण न मिळण्याचे एक वेगळे कारणही त्या वेळी दिले गेले, आणि ते लपवून हा लेख लिहिणे प्रामाणिक होणार नाही. त्यांनी ज्यांना हरवले त्यांच्यात फार मोठे संघ नाहीत, असे ते कारण. ते संपूर्ण खोटे नव्हते. त्या वर्षीच्या वेळापत्रकात सैनिकी तळांचेही संघ होते, आणि शेजारची कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड ही मोठी विद्यापीठे नव्हती. वार्ताहरांच्या क्रमवारीत ते चौदावे होते, पहिल्या पाचांत नव्हते. पण ज्या संघातले तीन जण पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले, त्याच्या ताकदीबद्दलची शंका मला पटत नाही. असे कारण हाताशी असले की खरे कारण बोलून दाखवावे लागत नाही, एवढीच त्याची सोय असते. १ जानेवारी १९५२ रोजी ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जिया टेकने बेलरला १७–१४ असे हरवले. डॉन्स घरी होते.

नकाराची किंमत सन्मानापुरती असती तर ती सोसता आली असती. ती त्याहून मोठी होती. त्या काळात लहान कॅथलिक कॉलेजांना फुटबॉलचा खर्च झेपेनासा झाला होता. खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या, देशभराचा प्रवास, साहित्य, सगळेच महागले होते आणि त्याच शहरात, त्याच मैदानावर व्यावसायिक संघ आल्यापासून प्रेक्षक तिकडे वळले होते. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने १९५० च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला होता, आणि सांता क्लाराने १९५२ च्या हंगामानंतर केला. बाउल सामन्याच्या उत्पन्नातून एक वाटा मिळाला असता तर डॉन्सना निदान थोडा श्वास घेता आला असता, हे खेळाडूंना ठाऊक होते. म्हणजे त्यांनी केवळ एका सहलीला नाही म्हटले नव्हते. १९५१ चा तो हंगाम संपला आणि विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. कुहारिच शिकागोच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होऊन गेले, सेंट क्लेअर यांचे शिक्षण बाकी होते म्हणून ते टल्सा विद्यापीठात गेले. आणि ज्या लोयोलाशी डॉन्सचा शेवटचा सामना झाला, त्या लोयोलानेही त्याच वर्षी फुटबॉल सोडला. रोझ बाउलच्या त्या गवतावर त्या दिवशी दोन्ही संघ आपला शेवटचा सामना खेळून बाहेर पडले होते.

हे वाचत असताना मला माझा १९८२ चा डिसेंबर आठवत होता, आणि तो आठवू नये म्हणून मी पुन्हा पुन्हा गुणफलकांकडे वळत होतो.

आमच्या कॉलेजचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. आम्ही बारा जण आणि सोबत एक शिक्षक. रात्रीच्या जेवणाची व्यवस्था गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या वाड्यात केलेली होती. पंगत मांडलेली होती, पत्रावळींवर मीठ आणि लिंबाची फोड वाढून झालेली होती. यजमान दारातच उभे होते आणि प्रत्येकाचे आडनाव विचारून आत सोडत होते. त्यांच्या स्वरात कुठेही कडवटपणा नव्हता. पाहुण्यांची चौकशी करावी तशी ती चौकशी होती. आमच्या संघातील सर्वांत चांगला चढाईपटू माझ्या पुढेच उभा होता. त्याने आडनाव सांगितले. यजमानांनी आमच्या सरांना बाजूला घेतले आणि हळू आवाजात काही सांगितले. सर परत आले तेव्हा त्यांची नजर खाली होती. त्यांनी काही बोलण्याच्या आधीच माझा मित्र म्हणाला, "सर, मी बाहेर ओट्यावरच बसतो. इथं वारं चांगलं आहे." डिसेंबरातली रात्र होती.

त्याची पत्रावळ ओट्यावर नेऊन ठेवली गेली. आतून एक बाई पितळी तांब्या घेऊन बाहेर गेल्या आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून वरून पडणारे पाणी प्यायले, हे मला दाराच्या चौकटीतून दिसले. ते दिसले आणि मी वरणभात कालवू लागलो. आम्ही अकरा जण आत होतो. त्यातला एकही उठला नाही. आमच्यातही मतदान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तो खेळला, आणि नेहमीपेक्षा चांगला खेळला. आम्ही तो सामना जिंकलो. त्या रात्रीबद्दल आमच्यात पुढे कधीही बोलणे झाले नाही. इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की काळ तसा होता, वय तसे होते, परगावी पाहुणे म्हणून गेलो असताना यजमानांशी भांडायचे कसे. पण १९५१ मध्ये नाही म्हणणारी मुलेही विशी-पंचविशीतलीच होती. त्यांचा काळ आमच्याहून तीस वर्षे मागचा होता, आणि त्यांनी गमावले ते एका जेवणाहून फार मोठे होते.

पुढे त्या माणसांचे काय झाले, ते मी शोधून शोधून वाचले. मॅट्सन १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिंपिकला गेला आणि ४०० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि रिले शर्यतीत रौप्यपदक घेऊन आला. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच आठवड्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. ते गावकऱ्यांनी आणि कोल्हापूरकरांनी उभ्या केलेल्या पैशांच्या जोरावर तेथे पोहोचले होते. दोघे एकाच गावात होते, दोघांच्या हाती कांस्य होते. आपापल्या देशात एकमेकांचे नावही कोणाला ठाऊक नसलेली ही दोन माणसे मी माझ्या मनात शेजारी शेजारी उभी केली आहेत. मॅट्सन पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये इतका मोलाचा ठरला की १९५९ मध्ये एका संघाने त्याच्या बदल्यात नऊ जण देऊ केले. मार्चेटी बाल्टिमोरकडून खेळला आणि त्याच्या जागी खेळणाऱ्यांत आजवरचा सर्वोत्तम म्हणून गणला गेला. मॅट्सन आणि मार्चेटी १९७२ मध्ये एकाच वेळी हॉल ऑफ फेममध्ये गेले, सेंट क्लेअर १९९० मध्ये.

बर्ल टोलर गेला नाही. १९५२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत कॉलेजच्या निवडक खेळाडूंचा सामना होता, त्यात त्याचा गुडघा निकामी झाला. व्यावसायिक संघाने त्याची निवड केलेली होती, पण त्या दिवसानंतर तो खेळाडू म्हणून कधी उभा राहू शकला नाही. त्या संघातले काही जण म्हणत असत की आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू टोलरच. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला आणि १९६८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्या शहरातील माध्यमिक शाळेचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक होता. दरम्यान १९६५ मध्ये एनएफएलने त्याला पंच म्हणून घेतले. एनएफएलच्या मैदानावर कृष्णवर्णीय पंच त्यापूर्वी कधी उभा राहिला नव्हता. तेव्हा लीगचा आयुक्त होता पीट रोझेल, डॉन्सच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवणारा तो हसतमुख तरुण. टोलरने पंचवीस हंगाम पंचगिरी केली. सोमवार ते शुक्रवार शाळा, आणि रविवारी देशात कुठे तरी शिट्टी आणि पिवळा रुमाल.

२० जानेवारी १९८० रोजी तो सुपर बाउलमध्ये पंच म्हणून उतरला. त्या सर्वोच्च सामन्यालाही तोवर कृष्णवर्णीय पंच लाभला नव्हता. सामना पासाडेनाला होता, रोझ बाउल स्टेडियममध्ये. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लोयोलाला हरवून डॉन्स ज्या गवतावरून शेवटचे बाहेर आले होते, त्याच गवतावर. एवढा एक तपशील वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते आणि बराच वेळ खिडकीत उभा राहिलो होतो.

गेल्या खेपेला मी मुद्दाम टेकडी चढून विद्यापीठात गेलो. तेथे विद्यार्थ्यांचे एक मोठे वसतिगृह आहे. ते पूर्वी जेम्स फेलन यांच्या नावाने ओळखले जाई. फेलन हे शहराचे महापौर आणि पुढे सिनेटर झालेले, आणि १९२० ची निवडणूक 'कॅलिफोर्निया गोरा राखा' या घोषणेवर लढवलेले. त्यांचा रोख आशियातून येणाऱ्या माणसांवर होता, म्हणजे माझ्या लेकीसारख्यांवरच. २०१७ मध्ये ते नाव काढून तेथे बर्ल टोलर यांचे नाव दिले गेले. मी गेलो तेव्हा पाठीवर पिशव्या अडकवलेली मुले-मुली दारातून आत-बाहेर करत होती. एक मुलगी फोनवर बोलत बोलत दार पायाने अडवून उभी राहिली, मागच्या मुलाच्या दोन्ही हातांत कपड्यांची टोपली होती म्हणून. दारावर टोलरचे आडनाव होते. मी तेथे पाच-सात मिनिटे उभा होतो. माझे आडनाव कोणी विचारले नाही.

भारतात परतल्यावर मी माझ्या मित्राला फोन केला. तो एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाला आहे आणि आता गावी असतो. दिवाळीला आणि मुलांच्या लग्नकार्याला आमचे बोलणे होते, एरवी नाही. मी त्याला डॉन्सची सगळी गोष्ट सांगितली, कॉर्निंगपासून रोझ बाउलपर्यंत. तो मधे एकदाही बोलला नाही. संपल्यावर त्याने विचारले, "त्या टोलरचा गुडघा पुढं बरा झाला का?" चढाई करणाऱ्याला पहिली आठवण गुडघ्याची यावी, यात नवल नव्हते. मी म्हणालो, खेळण्याइतका नाही, पण पंच म्हणून पंचवीस वर्षे मैदानावर धावला. "मग ठीक आहे," तो म्हणाला.

मग मी त्या वाड्याचा विषय काढला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही उठायला हवे होते, असे म्हणालो. पलीकडे शांतता होती, मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली.

"अरे, ओटा आणि माजघर यांच्यामध्ये एक भिंतच होती फक्त," तो म्हणाला. "तुमचं आतलं बोलणं मला सगळं ऐकू येत होतं."

मी विचारले, काय बोलत होतो आम्ही.

"उद्याच्या सामन्याचं. पहिली चढाई मलाच द्यायची, असं ठरवत होता."